‘मिशनरी’ या एका शब्दाचा आळस

एम.ए.च्या तोंडी परीक्षेतील प्रसंग. विद्यार्थी चुणचुणीत होता. महानुभाव पंथाविषयी विचारले तेव्हा त्याने उपाध्ये आम्नाय, कवीश्वर आम्नाय अशी नावे घेतली, सकळ लिपीविषयी चार नेमकी वाक्ये सांगितली, रिद्धपूरचे माहात्म्यही सांगितले. पुढचा प्रश्न ‘ख्रिस्तपुराणा’वर होता. फादर स्टीफन्स कोण? उत्तर आले, ‘मिशनरी’. कोणत्या संघाचे? विद्यार्थी गप्प. आणि टेबलाच्या अलीकडे बसलेल्या आमच्यापैकी एकाने ‘रोमन कॅथॉलिक’ असे पुटपुटून त्याची सुटका केली. वास्तविक ते त्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते. विद्यार्थ्याला गुण मिळाले, आम्हांला चहा मिळाला, आणि प्रश्न तिथेच राहिला.

तो प्रश्न येथे पुन्हा उचलावयाचा आहे. मराठीच्या अध्यापनात, समीक्षेत आणि वाङ्मयेतिहासात ‘मिशनरी’ हा एकच शब्द आपण कोणासाठी वापरत नाही? श्रीरामपूरला बसून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारा बाप्टिस्ट विल्यम कॅरी मिशनरी. नागपुरात शाळा काढणारा, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा स्टीफन हिस्लॉप मिशनरी. सासष्टीत ओव्या रचणारा येशूसंघीय थॉमस स्टीफन्स मिशनरी. आणि आपल्या तालुक्याच्या गावातील कॉन्व्हेंटमध्ये पाचवीला गणित शिकविणारी, बहुधा केरळातून किंवा छोटा नागपुरातून आलेली धर्मभगिनी, तीही मिशनरीच. चारशे वर्षे, तीन-चार पंथ, डझनभर संघ आणि परस्परविरोधी प्रेरणा यांची मोट आपण एका शब्दात बांधतो. वारकरी, रामदासी, दत्तसंप्रदायी आणि नाथपंथी या सर्वांना कोणी ‘बुवा’ म्हणून निकालात काढले, तर आपण त्याला वर्गात बसू देणार नाही. स्वतःला मात्र ही सवलत आपण बिनदिक्कत देतो.

आमचे म्हणणे असे की, हा केवळ पारिभाषिक ढिसाळपणा नसून वाचनाचा दोष आहे, आणि त्याची किंमत मराठी वाङ्मयाचा इतिहास, वऱ्हाडचा सामाजिक इतिहास आणि खुद्द हे संघ असे तिघेही मोजत आहेत.

आधी साधा भेद नीट समजून घेऊ. कॅथॉलिक व्यवस्थेत धर्मप्रांत हा भूगोल आहे. त्याला सीमा आहेत, त्यावर एक बिशप आहे. त्या धर्मप्रांताचा धर्मगुरू बिशपला आज्ञाधारकतेचे वचन देतो, साधारणतः त्याच मातीत आयुष्य काढतो, आणि त्याने दारिद्र्याचे व्रत घेतलेले नसते. संघ ही गोष्ट वेगळी. संघाचा पाया एखाद्या संस्थापकाच्या नियमावर असतो. त्याचे सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतात आणि संघाच्या वरिष्ठाचे ऐकतात. तो वरिष्ठ बंगळुरूला, रोमला, कुठेही असू शकतो. आज अमरावतीत असलेली धर्मभगिनी उद्या आफ्रिकेत धाडली जाऊ शकते. संघाचे घर उभे राहते धर्मप्रांताच्या हद्दीत, पण त्याचा श्वास हद्दीबाहेरचा असतो.

मग एकाच गावात या दोन सत्ता कशा नांदतात? १९८३ च्या कॅथॉलिक धर्मसंहितेत याची उत्तरे बारकाईने दिली आहेत, आणि ती आमच्या कोणत्याही ‘साहित्य आणि सत्ता’ छापाच्या चर्चासत्राला पुरून उरतील. कलम ५८६ संघाला आपल्या अंतर्गत जीवनाची स्वायत्तता देते. कलम ६७८ सांगते की, आत्म्यांची काळजी, सार्वजनिक उपासना आणि प्रेषितकार्य यांत हेच व्रतस्थ बिशपच्या अधिकाराखाली राहतील. म्हणजे घराच्या आत एक आज्ञा आणि दाराबाहेर दुसरी. कलम ६०९ नुसार संघाला नवे घर उघडावयाचे असेल तर बिशपची आगाऊ लेखी संमती लागते. पण तेच घर बंद करावयाचे असेल तर कलम ६१६ नुसार संघाच्या सर्वोच्च वरिष्ठाने बिशपचा केवळ सल्ला घ्यावयाचा असतो. येण्यासाठी संमती, जाण्यासाठी सल्लामसलत! या एका फरकात केवढे नाट्य दडलेले आहे, हे कादंबरी शिकविणाऱ्यांना तरी सांगावे लागू नये.

आता वऱ्हाडात येऊ. अमरावतीचा धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूरच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याचे पहिले बिशप जोसेफ अल्बर्ट रोझारिओ हे स्वतः एका संघाचे सदस्य होते: संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या, फ्रान्सलियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघाचे. हा संघ पीटर मेर्मिए यांनी १८३८ मध्ये फ्रान्सच्या आजच्या सीमेतील आनसी येथे स्थापन केला. १८४६ मध्ये त्याचे धर्मगुरू विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून त्यांचे काम नागपूर-कामठीपर्यंत आले. नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १८८७ मध्ये. म्हणजे आमच्या भागात आधी संघ आला आणि धर्मप्रांत मागाहून. ज्यांनी घर बांधले त्यांच्याकडूनच पुढे घराचा कारभार हळूहळू स्थानिक धर्मगुरूंकडे जावयाचा होता. १९५५ पासून १९९५ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, एका संघाचा सदस्यच या धर्मप्रांताचा बिशप होता; १९७७ मध्ये औरंगाबादचा धर्मप्रांत यातूनच वेगळा निघाला. वऱ्हाडाच्या सामाजिक इतिहासातील हे प्रकरण आमच्या विद्यापीठाच्या कोणत्या प्रबंधाचा विषय झाले पाहिजे, हे आम्हीच स्वतःला विचारावयास हवे होते.

विचारले नाही, याला एक कारण आहे. धर्मप्रांत स्थापन झाला त्या वेळी वऱ्हाड मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याच्या सरकारने नेमलेली न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करीत होती. समिती १९५४ ची, धर्मप्रांत १९५५ चा, अहवाल १९५६ चा. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. अहवालाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणे हा येथे हेतू नाही. मुद्दा इतकाच की, त्यानंतरच्या सात दशकांत या विषयावर जे काही बोलले गेले ते धर्मांतर झाले की नाही एवढ्या एकाच प्रश्नाभोवती फिरले. त्या प्रश्नाला ‘मिशनरी’ हा एक शब्द पुरतो. फिर्यादीलाही पुरतो आणि बचावालाही. पण साहित्याच्या अभ्यासकाला तो कसा पुरेल? आरोपपत्रातील शब्द आपण समीक्षेची संज्ञा म्हणून उचलला, हे आमचे खरे गाऱ्हाणे आहे.

कोणी म्हणेल, त्या संघाच्या स्वतःच्या नावातच ‘मिशनरी’ शब्द आहे. मग आम्ही तो वापरला तर बिघडले कुठे? बिघडले असे की, विशेषनामातील शब्द आणि वर्गवाचक संज्ञा या दोन गोष्टी आहेत. ‘समर्थ’ हे रामदासांचे नामाभिधान आहे, म्हणून सगळे समर्थ लोक रामदासी ठरत नाहीत.

या आळसाने वाङ्मयेतिहासाचे काय नुकसान केले ते पाहा. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, एका इंग्रज मिशनऱ्याला मराठी भाषेचे प्रेम जडले. प्रेम होतेच. पण स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले ते येशूसंघाच्या आज्ञेने, आणि सासष्टी हे त्या संघाकडे सोपविलेले क्षेत्र होते. शेजारच्या बारदेशात फ्रान्सिस्कन होते. एका लहानशा प्रदेशात दोन संघ, दोन शिस्ती, भाषेकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा! त्यातही गंमत अशी की, फ्रान्सिस्कनांपैकीच गास्पार द सांव मिगेल यांनी सतराव्या शतकात स्थानिक भाषेचे व्याकरण रचले, आणि पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने देशभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा जो हुकूम काढला, त्यामागे फ्रान्सिस्कनांचाच आग्रह असल्याचे अभ्यासक सांगतात. धर्मग्रामाचा कारभार करावयाचा आणि लोकांची भाषा शिकण्याचे कष्ट मात्र घ्यावयाचे नाहीत, अशी ती सोय होती. हे सगळे ‘मिशनरी’ म्हटले की, १६१६ आणि १६८४ यांच्यामधले अंतर कसे समजावून सांगणार? एकाच ‘मिशनऱ्या’ने मराठी उभी केली आणि त्यानेच ती बुडविली, असे काहीतरी विचित्र विधान करावे लागते. पाठ्यपुस्तकांत आपण ते करतोही.

संघ आणि स्थानिक धर्मगुरू यांचा झगडाही येथलाच आहे. दिवाडीचे मातेउश द कास्त्रु यांना रोमने १६३७ मध्ये बिशप केले. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता आणि तेथले संघ यांच्याशी ते जन्मभर भांडले. युरोपीय संघांची दारे गोव्याच्या माणसाला मोकळी नव्हती, म्हणून १६८५ च्या सुमारास जुन्या गोव्यात स्थानिक धर्मगुरूंनी स्वतःचा ऑरेटोरियन समूह उभा केला. २०१५ मध्ये संतपद मिळालेले जोसेफ वाझ हे त्यातलेच. आपल्या धर्मात राहून आपली स्वायत्त जागा मागणे, ही चळवळ दलित साहित्य शिकविणाऱ्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. या समूहाला पुढे जातीचा रंग होताच. तोही वाचावयास हवा. पण वाचणार कोण? आपण ‘धर्मांतरित गोवेकर’ म्हणून पान उलटतो.

कॅथॉलिकांपलीकडेही हाच प्रकार. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य झाले, हे टिळक-रानडे शिकविताना आपण रंगवून सांगतो. ते मिशन अँग्लिकनांतील काउली फादर्स नावाच्या व्रतस्थ संघाचे होते, हे सांगतो का? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटिज येथे झाला तो अँग्लिकन धर्मभगिनींच्या एका संघाच्या आश्रयाला असताना, आणि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार म्हणजे आज्ञापालन या व्रताशी एका स्वतंत्र बुद्धीने घातलेला वाद आहे. संघ म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर ती पत्रे केवळ धर्मशास्त्रीय कुरबुर वाटतात. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. पगारी मिशनपासून व्रताकडे गेलेला हा माणूस. पण त्याचा संन्यास कोणत्याही संघाच्या नियमात बसणारा नव्हता. त्याच्या धडपडीचा अर्थ लागण्यासाठीही हाच भेद लागतो.

येथवर आमच्या विषयाची झाडाझडती झाली. आता दुसऱ्या पक्षाकडे वळणे भाग आहे, नाहीतर हा लेख म्हणजे केवळ आत्मताडन ठरेल.

फ्रान्सिस डी सेल्स यांना १९२३ मध्ये पोपनी लेखक आणि पत्रकार यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांच्या नावाच्या संघाने विदर्भ आणि मराठवाड्यात शतकाहून अधिक काळ काम केले. त्या संघातील गुरियन जाकिये हे फ्रेंच धर्मगुरू तत्कालीन निजामी मुलखातील घोगरगावात राहिले, दलितांत राहिले, आणि लोक त्यांना जाकियेबाबा म्हणू लागले. ‘बाबा’ ही पदवी धर्मप्रांत देत नाही, संघही देत नाही. ती गाव देते, आणि गावाची बोली बोलणाऱ्यालाच देते. अहमदनगर भागात येशूसंघाच्या हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढले. त्याच भागातील स्विस येशूसंघीय हर्मन बाखर यांचे नाव पाणलोटाच्या कामाने शेतकऱ्यांच्या तोंडी गेले. पुण्यात ‘स्नेहसदन’ चालविणारे माथ्यू लेडर्ले महाराष्ट्राच्या तत्त्वचिंतनावर ग्रंथ लिहून गेले. ग्वी देल्यरी यांनी विठोबाच्या उपासनेवर १९६० मध्ये पुस्तक लिहिले. ही परंपरा होती. मग वऱ्हाडातील आजच्या संघांच्या घरांतून मराठीला काय मिळते?

मिळतात इंग्रजी माध्यमाच्या शाळा. मूर्तिजापूरसारख्या गावातही ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आता मठ या अर्थाने कोणी उच्चारत नाही. त्याचा अर्थ इंग्रजी शाळा, आणि ज्या शाळेच्या दहा कोसांत एकही धर्मभगिनी नाही तीही पाटीवर ‘कॉन्व्हेंट’ लिहिते. शब्दाचा हा अर्थसंकोच नव्हे, अर्थलोप आहे. व्रतस्थ स्त्रियांच्या सहजीवनाचे नाव शिकवणीच्या बाजारातील छाप झाले, आणि ज्यांचे ते नाव होते त्यांनी तक्रार केल्याचे आमच्या कानी नाही. तक्रार कशी करणार? आपली ओळख शाळेतून होते, व्रतातून नव्हे, हे त्यांनीही मान्य करून टाकले आहे.

यावरचे उत्तर आम्हांला पाठ आहे: पालकांनाच इंग्रजी हवी आहे. खरे आहे. त्या पालकांत मराठीचे प्राध्यापक आहेत, हेही खरे आहे. आम्ही त्यांतलेच, म्हणून आवाज चढवून बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण पालकांना जे हवे तेच द्यावयाचे असेल तर त्यासाठी तीन व्रते घेण्याची काय गरज होती? ते काम कोणतीही सोसायटी करते आणि करीत आहे. संघ वेगळा ठरतो तो बाजाराच्या मागणीला नकार देऊ शकतो म्हणून. दारिद्र्याचे व्रत घेणाऱ्याला लोकांच्या भाषेचे दारिद्र्य मात्र सोसवू नये, ही विसंगती त्यांच्याच नियमाने त्यांना टोचावयास हवी.

यात पैशाचाही प्रश्न आहे आणि तो आता खासगी राहिलेला नाही. अनुदानित शाळांत शिकविणाऱ्या धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या वेतनातून उगमस्थानी आयकर कापावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. संघांचे म्हणणे असे की, व्रतामुळे वेतन व्यक्तीचे नसतेच, ते संघाकडे जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने कपात लागू असल्याचे ठरविले. निकालाची कायदेशीर बाजू जाणकारांनी पाहावी. आम्हांला दिसते ती एवढीच गोष्ट की, आपल्या शेजारच्या वर्गात शिकविणारी बाई स्वतःच्या पगाराची मालक नसते, ही जीवनपद्धती मराठी कथेत जवळजवळ कुठेच आलेली नाही. आपल्या लेखकांनी तिला पांढऱ्या झग्यातील करुणामूर्ती केले किंवा कावेबाज बाहेरची केले. माणूस फारसे कोणी केले नाही.

बदल्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. व्रतस्थाची बदली हा त्याच्या आज्ञापालनाचा भाग, हे मान्य. पण काही वर्षांनी माणूस उचलला जातो तेव्हा त्याने नुकती आत्मसात केलेली वऱ्हाडी त्याच्याबरोबर जाते. अशाने जाकियेबाबा पुन्हा होणार नाहीत. आणि घरच बंद झाले, तर त्या घराची रोजनिशी, पत्रे, छायाचित्रे संघाच्या दूरच्या मुख्यालयात जातात. गावाकडे उरते पाटीची खूण.

येथे रिद्धपूर आठवते. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले, आणि बाहेरच्यांनी त्यांच्याविषयी वाटेल ते समज करून घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती कुलुपे उघडू लागली, पुढे वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’ची संहिता १९७८ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यावरून वादही पेटला. एका व्रतस्थ पंथाचे खासगी स्मरण मराठी गद्याचा मूळ ठेवा ठरला. दार ठोठावणारे अभ्यासक नसते आणि दार उघडणारे महंत नसते, तर आज आपण मराठी गद्याचा आरंभ भलतीकडेच दाखवीत बसलो असतो. अमरावतीच्या धर्मप्रांतातील संघांच्या घरांत ‘लीळाचरित्र’ पडून आहे, असा दावा कोणी करणार नाही. पण दुष्काळाची, रोगराईची, मेळघाटातील कोरकूंची, शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलींची नोंद तेथे नसेल, असे न पाहताच कसे मानावे?

म्हणून तीन मागण्या. पहिली आमच्या अभ्यास मंडळांकडे: ‘मिशनऱ्यांचे मराठी वाङ्मय’ हे घटकाचे शीर्षक रद्द करावे आणि त्या जागी लेखकाचा पंथ, संघ आणि प्रदेश सांगणारी मांडणी आणावी. दुसरी आमच्या विभागांकडे: एम.ए.च्या प्रकल्पांसाठी विद्यार्थ्यांना त्यांच्याच गावातील संघाच्या घरी पाठवावे, वृद्ध धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्या मराठी मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. तिसरी बिशप आणि संघांचे वरिष्ठ यांच्याकडे: कलम ६८१ नुसार बिशपने संघाकडे काम सोपविताना लेखी करार करावा लागतो आणि त्यात काम, माणसे व पैसा यांचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. इतरही बाबी घालण्यास ते कलम आडकाठी करीत नाही. त्यात भाषेचे एक वाक्य घालावे: या धर्मप्रांतात काम करणारा व्रतस्थ मराठी शिकेल, घराची रोजनिशी मराठीत ठेवील, आणि घर बंद झाल्यास तिची एक प्रत याच धर्मप्रांतात राहील.

या मागण्यांना खर्च नाही. संकोच तेवढा सोडावा लागेल, दोन्ही बाजूंना. सुरुवात तर त्याहून सोपी आहे. पुढच्या वेळी बसस्टँडवर किंवा शाळेच्या फाटकाशी एखादी धर्मभगिनी भेटली, तर ‘सिस्टर, प्रवेश कधी सुरू होणार?’ हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: ‘सिस्टर, तुमचा संघ कोणता?’ आणि तिने मराठीत उत्तर दिले, तर ते लिहून ठेवावे.